विष भिनते म्हणजे काय?

सुगी संपत आलेली असते. निंबर्ग्याच्या शिवारात कुणी कडब्याची पेंढी ओढतो, कुणी तुराट्यांचा ढीग हलवतो, आणि बोटाला काहीतरी डसते. माणूस हात झटकतो, ओरडतो. चार माणसे धावत येतात आणि सगळी त्याच्या बोटाकडे पाहू लागतात. कुणी मनगटाला दोरी आवळतो, कुणी चुना शोधतो, कुणी मांत्रिकाचे नाव घेतो. अशा वेळी एखादी म्हातारी बोटाकडे न पाहता त्याच्या कपाळाकडे पाहते. तेथे घाम डवरलेला असतो. ती एवढेच म्हणते, ‘भिनलं की रे.’

वाचकहो, या व्याख्यानात मला त्या एका शब्दाचा इतिहास आपल्यापुढे ठेवायचा आहे. आपल्या भाषेत विषासाठी दोन क्रियापदे आहेत. विष ‘चढते’ आणि विष ‘भिनते’. चढणारे विष जिन्यावरून वर जाणाऱ्या माणसासारखे असते. ते बोटातून मनगटात, मनगटातून दंडात आणि तेथून डोक्यात जाते. म्हणून त्याची वाट अडवायची, दोरी बांधायची आणि मंत्राने ते ‘उतरवायचे’. भिनणारे विष वेगळे. मीठ फोडीत भिनते, पाणी भिंतीत भिनते, तसे ते एका जागी टोचले तरी सर्वांगाचे होऊन जाते. त्याला दोरी अडवू शकत नाही. विषवैद्यकाचा इतिहास पाहिला, तर माणसे वाचली ती दुसऱ्या शब्दाचा अर्थ कळल्यावर, हे माझे मुख्य म्हणणे आहे.

या शोधाची सुरुवात आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विषांचा विचार आहे आणि त्याच्या आठव्या अध्यायात कीटकांचा. त्यात कोळ्याला ‘लूता’ म्हटले आहे. विश्वामित्राने कामधेनूसाठी हट्ट धरला, वसिष्ठ क्रुद्ध झाले, त्यांच्या कपाळावरचा घाम गाईसाठी कापून ठेवलेल्या गवतावर पडला आणि त्यातून लूता जन्मल्या, अशी कथा तेथे येते. ‘लून’ म्हणजे कापलेले, त्यावरून ‘लूता’. ग्रंथकार लूतांचे सोळा प्रकार सांगतो. त्यांपैकी आठ कष्टाने बरे होणारे आणि आठ असाध्य. आजच्या प्राणिशास्त्रातील कोळ्यांशी हे सोळा प्रकार जुळवत बसण्यात अर्थ नाही. पण त्या अध्यायातील एक भाग मात्र कोणत्याही काळच्या वैद्याने थांबून वाचावा असा आहे.

तो भाग म्हणजे सात दिवसांचा हिशेब. नुकताच फुटलेला कोंभ पाहून झाडाची जात ओळखता येत नाही, तसे लूतेचे विष आरंभी ओळखता येत नाही, असे ग्रंथकार बजावतो. पहिल्या दिवशी थोडी खाज आणि अस्पष्ट रंग. दुसऱ्या दिवशी कडा सुजलेल्या आणि मध्य खोलगट. तिसऱ्या दिवशी लक्षण स्पष्ट होते, चौथ्या दिवशी विष खवळते, पाचव्या दिवशी विषाचे विकार उमटतात, सहाव्या दिवशी ते पसरून मर्मस्थानांना वेढते आणि सातव्या दिवशी सर्व देह व्यापून जीव घेते. सूक्ष्मदर्शक नाही, रक्ततपासणी नाही, तरीही येथे दोन गोष्टी पक्क्या नोंदल्या आहेत. दंश क्षुल्लक दिसला तरी आजार मोठा असू शकतो, आणि जखम व आजार यांच्यामध्ये काही दिवसांची फट असते. त्या फटीतच उपचार करायचा असतो.

दुसरा साक्षीदार साहित्यातला आहे. संत एकनाथांचे विंचवाचे भारूड आपण ऐकलेले असणारच. पैठणच्या नाथांनी सोळाव्या शतकात काम आणि क्रोध यांना विंचू केले आणि सत्त्वगुणाचा उतारा सांगितला. आपण त्या रूपकाचा अर्थ लावतो आणि पुढे जातो. पण रूपक ऐकणाऱ्याला पटायचे असेल, तर त्याचा आधार लोकांच्या अनुभवातला असावा लागतो. त्या भारुडात विंचू चावलेल्या माणसाच्या अंगाला घाम सुटतो, प्राण कासावीस होतो, सर्वांगाची आग होते. भर आहे तो सगळ्या देहावर, चावलेल्या जागेवर नाही. भारूड ऐकायला बसलेल्या शेतकऱ्याने हे सारे डोळ्यांनी पाहिलेले होते, म्हणून रूपक त्याला लागले. हा घाम आपण लक्षात ठेवू. पुढे त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

आता प्रश्न असा की, सुईच्या टोकाएवढे विष सगळ्या देहाला कसे पुरते? त्याचे एक उत्तर ‘विकर’ या शब्दात आहे. विकर म्हणजे एन्झाइम. ज्वारीच्या भाकरीचा घास न गिळता चघळत राहिले की थोड्या वेळाने तो गोडसर लागू लागतो. लाळेतील विकर भाकरीतल्या पिठूळ द्रव्याचे तुकडे करून त्याची साखर करते. येथे ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की, विकर हे कात्रीसारखे असते. कापड कापून कात्री संपत नाही. एक तुकडा झाला की ती पुढच्या तुकड्याकडे वळते. म्हणून विकर थोडेसे असले तरी काम पुष्कळ करते. कोळी भक्ष्य चावून खात नाही, त्याला ते शरीराबाहेरच पातळ करून शोषून घ्यावे लागते. अशा प्राण्याच्या भांडारात पचवणाऱ्या कात्र्या असणे स्वाभाविकच आहे.

यातली एक कात्री वाट मोकळी करणारी. आपल्या पेशी विटांसारख्या रचलेल्या आहेत असे मानले, तर त्यांच्यामध्ये एक चिकट गारा असतो. फ्रान्सिस्को दुरान-रेनाल्स या संशोधकाने १९२८ मध्ये दाखवून दिले की, काही द्रव्यांमुळे हा गारा ढिला होतो आणि टोचलेला पदार्थ भराभर पसरतो. त्याने त्याला ‘पसरवणारा घटक’ म्हटले. पुढे या घटकाची ओळख हायलुरॉनिडेज या विकराशी पटली. साप, विंचू, कोळी आणि मधमाशी या चौघांच्याही विषात ते सापडले. हे विकर स्वतः फारसे मारत नाही, पण मारणाऱ्याला दार उघडून देते. ‘भिनणे’ या क्रियापदाचा शास्त्रीय अर्थ प्रथम येथे हाती लागला.

दुसरी कात्री मात्र स्वतःच घातक. तिची हकिगत समजण्यासाठी आपल्याला शिवार सोडून दक्षिण अमेरिकेत जावे लागेल. चिली देशात माणसांच्या अंगावर अचानक काळा पडणारा डाग उठे आणि मांस सडे. १९३७ मध्ये आतिलियो माक्याव्हेयो याने त्याचा संबंध घरात राहणाऱ्या एका तपकिरी कोळ्याशी जोडला. या कोळ्याच्या गटाचे शास्त्रीय नाव लोक्सोसेलीस. तो लाजाळू असतो, फळीमागे, चित्रामागे, घडी करून ठेवलेल्या कपड्यांत बसतो आणि कपडा अंगावर चढवताना दबला गेला तरच चावतो. चावा बहुधा दुखतही नाही. काही तासांनी जागा दुखू लागते, मध्ये निळसर, भोवती पांढरी, त्याबाहेर लाल अशी होते. बहुतेकांचे दुखणे येथेच थांबते. पण काहींना, विशेषतः मुलांना, एक ते तीन दिवसांत ताप येतो, अंग पिवळे पडते आणि लघवी काळपट लाल होते.

या लाल लघवीचा उलगडा व्हायला आणखी चाळीस वर्षे गेली. १९७८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी या कोळ्याच्या विषात स्फिंगोमायलिनेज-डी हे विकर असल्याचे दाखवले. पेशीच्या आवरणात स्फिंगोमायलिन नावाचे एक स्निग्ध द्रव्य असते. हे विकर त्याचा एक टोकाचा भाग छाटून टाकते. ब्राझीलमधील संशोधकांनी पुढची साखळी उलगडली. आवरण असे बिघडले की पेशीचीच काही विकरे जागी होतात आणि लाल रक्तपेशींच्या पृष्ठभागावरची संरक्षक प्रथिने कापून टाकतात. आपल्या रक्तात जंतूंना फोडणारी एक संरक्षक यंत्रणा सतत फिरत असते. ओळखीची खूण हरवलेल्या रक्तपेशींना ती परक्या समजते आणि फोडू लागते. फुटलेल्या पेशींतले लाल द्रव्य मूत्रपिंडात जाऊन ते निकामी करते. म्हणजे कोळी फक्त सुरुवात करून देतो. पुढचा घात आपलीच पहारेकरी मंडळी करतात. सुश्रुतसंहितेने सांगितलेली, दंश आणि सर्वांगाचा आजार यांमधली फट कोणत्या कारणाने पडते, ते येथे कळते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. लोक्सोसेलीस गटातील कोळी भारतातही आहे, परंतु त्याच्या दंशाच्या फार थोड्या नोंदी आपल्याकडे प्रसिद्ध झालेल्या आहेत. आपल्या भागात ‘कोळी अंगावरून गेला’ म्हणून जे चट्टे दाखवले जातात, त्यांतले पुष्कळसे नागिणीचे असतात, म्हणजे कांजिण्यांच्या विषाणूचे. काही चट्टे पावसाळ्यात दिव्याभोवती जमणारा एक बारीक किडा अंगावर चिरडल्यामुळे उठतात. कोळ्यावर नसता आळ घेऊ नये. तो घरातले डास आणि माशा खातो. मी कोळ्याची हकिगत सांगितली ती भीती घालायला नव्हे. विकर देहाला कसे आजारी करते याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडत नाही, म्हणून सांगितली.

मग आपल्या मातीत भिनणारे विष कुणाचे? घोणस आणि फुरसे यांचे. त्यांच्या विषातली काही विकरे रक्त गोठवण्याचे काम करतात. रक्त गोठण्याची द्रव्ये ती धमन्यांत फिरता फिरताच जागी करून वापरून टाकतात. साठा संपला की रक्त गोठतच नाही. मग हिरड्यांतून, जुन्या जखमेतून, लघवीतून ते वाहू लागते. याची परीक्षा अगदी साधी आहे. रोग्याचे थोडे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरकी करायची. रक्त पातळच राहिले असेल, तर विष भिनले आहे. लहानशा सरकारी दवाखान्यातही ही परीक्षा होते, आणि प्रतिविष द्यायचे की नाही हे तिच्यावरून ठरवता येते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारे प्रतिविष भारतात घोड्यांच्या रक्तापासून तयार होते. ज्या संस्थांनी हे काम उभे केले, त्यांत मुंबईतील परळची हाफकिन संस्था प्रमुख आहे. १८९९ मध्ये ती प्लेगसाठी परळला आली आणि १९२५ मध्ये तिला संस्थापकाचे नाव मिळाले.

आता पुन्हा त्या घामाकडे येऊ. विंचू हा कोळ्याचा सख्खा भाऊबंद, दोघेही आठ पायांचे. पण तांबड्या विंचवाचे मुख्य शस्त्र विकर नव्हे. त्याच्या विषातील लहान प्रथिने मज्जातंतूंवरची सूक्ष्म दारे अडकवून ठेवतात. दार मिटायला हवे तेव्हा उघडे राहते, उघडायला हवे तेव्हा मिटलेले राहते. परिणाम मात्र तोच, सर्वांगाचा. मज्जातंतू अंगातल्या उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सोडतात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब वाढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. कोकणात, महाडच्या परिसरात, अशी माणसे आणि मुले वर्षानुवर्षे मरत होती. १९६१ मध्ये डॉ. मुंडले यांनी विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी होण्याविषयी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले. पण उपाय हाती नव्हता. वेदना थांबवायची आणि वाट पाहायची, एवढेच होते.

१९७६ मध्ये महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले. त्यांचा जन्म १९५१ मधला, जालन्याकडील देहेड गावचा. त्या वर्षी जालना आणि आपले गुलबर्गा हे दोन्ही मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होते. १९५६ च्या पुनर्रचनेने एक मुंबई राज्याच्या वाटेला गेला, दुसरा म्हैसूरच्या. गरिबीत शिकलेल्या या डॉक्टरने आपली जीवनकथा ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या पुस्तकात सांगितली आहे. बिरवाडीत त्यांनी केले ते काम ऐकायला साधे वाटते. विंचू चावलेल्या रोग्यापाशी ते बसून राहिले आणि काय काय होते ते तासातासाला लिहून ठेवले. त्यातून त्यांच्या लक्षात आले की, ज्याला नुसती असह्य वेदना आहे तो बहुधा वाचतो. ज्याला उलट्या होतात, दरदरून घाम सुटतो आणि हातपाय गार पडतात, त्याचे हृदय धोक्यात असते. ओरडणाऱ्यापेक्षा घाम सुटून गप्प पडलेल्याला अधिक भ्यावे. ही पूर्वसूचक लक्षणे १९८२ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. भारुडातला घाम अखेर वैद्यकाच्या नोंदीत आला.

लक्षण नेमके ओळखल्यावर औषधही सापडले. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी बावस्करांनी वापरली, आणि १९८६ मध्ये त्यांचे अनुभव लॅन्सेटमध्ये आले. स्वस्त, पोटात घ्यायची, खेड्यात मिळू शकेल अशी गोळी. त्यांनीच दिलेल्या आकड्यांनुसार, प्राझोसिनपूर्वीच्या काळात गंभीर रोग्यांपैकी पंचवीस ते तीस टक्के दगावत. नंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आले. पुढे विंचवाचे प्रतिविषही निघाले. ते उपयोगी आहे की नाही हे मानून न चालता डॉ. हिम्मतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडमध्ये तपासून पाहिले. सत्तर रोग्यांचे पस्तीस-पस्तीसचे दोन गट केले. प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही दिलेल्या गटात दहा तासांत बत्तीस जण पूर्ण बरे झाले, नुसत्या प्राझोसिनच्या गटात आठ. हा निष्कर्ष २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला गेला. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

वाचकहो, एका साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत हे सारे कशासाठी, असे आपल्याला वाटले असेल. त्याचे उत्तर आपल्या सीमाभागातच आहे. आळंद तालुक्यातला रोगी घरी मराठी बोलतो, बाजारात कानडी, शेजारी दखनी, आणि दवाखान्यात त्याला कोणत्या भाषेत विचारले जाईल हे सांगता येत नाही. तो विंचू म्हणतो, परिचारिका चेळू म्हणते. तो कोळी म्हणतो, ती जेड म्हणते. ही नावे तरी चटकन जुळतात. पण ‘अंग गार पडलंय’, ‘लघवी लाल झालीय’, ‘जीव घाबरतोय’, ‘हिरडीतनं रगत येतंय’ ही वाक्ये जुळली नाहीत, तर सारे ज्ञान दारात अडते. बरोबरची माणसे भांबावून फक्त बोट पुढे करतात. डॉक्टर बोट पाहतो. आणि ती मोलाची फट निघून जाते.

म्हणून माझी विनंती साधी आहे. आपल्या घरी, शेतात, सप्ताहाच्या मांडवात ही चार लक्षणे सांगा, आणि मराठीबरोबर कानडीतही सांगा. दोरी आवळू नका, जखम चिरू नका, हातपाय हलू देऊ नका आणि दवाखाना गाठा. वाटेत रोग्याचा घाम, श्वास, हिरड्या आणि लघवी पाहत राहा आणि जे दिसले ते तेथे पोचताच सांगा. किती वाजता डसले तेही सांगा. बोट तर डॉक्टरला दिसणारच आहे. वाटेतले तेवढे तुम्हीच पाहिलेले असेल.